कमरेचा घेर आणि घरखर्चाची वही

22 सप्टेंबर 2025 पासून जिमच्या फीवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्याच दिवशी पाकीटबंद शेव-फरसाणावरचा करही 12 वरून 5 टक्क्यांवर उतरला. म्हणजे इंदुरात सकाळी जिममध्ये घाम गाळणारा आणि संध्याकाळी शेवेचं पाकीट फोडणारा (पुष्कळदा हा एकच माणूस असतो) सरकारला एकाच दरानं कर देतो. करापुरती तरी शेव आणि डंबेल्स यांची बरोबरी झाली.

घरच्या वहीत मात्र ती बरोबरी नाही. इंदुरातलं राजेंद्रनगर असो की लोकमान्यनगर, तब्येतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अहो, हे डाएट-बिएट, जिम-फिम श्रीमंतांचं काम. त्यापेक्षा गोळी घेतलेली स्वस्त." हे वाक्य मूर्खपणाचं नाही. त्यात अर्धं खरं आहे, आणि ते कोणतं अर्धं, हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. म्हणून हिशेबच मांडू.

आधी लठ्ठ कोणाला म्हणायचं ते ठरवायला हवं. डॉक्टर बीएमआय काढतात: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. जगभर 25 च्या वर वजन जास्त आणि 30 च्या वर लठ्ठपणा मानतात. भारतीयांसाठी मात्र आपल्याकडचे डॉक्टर 23 आणि 25 या रेषा धरतात. म्हणजे 170 सेंटिमीटर उंचीचा, 73 किलोचा गृहस्थ आपल्या मापानं लठ्ठ ठरतो. घरची मंडळी त्याला "हल्ली जरा अंग धरलंय" म्हणतील आणि वर आणखी एक पोळी वाढतील.

रेषा खाली का आणली, याचं उत्तर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात आहे. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय 22.3, अगदी सारखा. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबीदार अशी आपली ठेवण आहे, आणि ही चरबी हातापायांवर नाही, पोटात साठते. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या वर आणि बाईची 80 च्या वर गेली की धोका धरायचा. टेप पायजम्याच्या नाडीवर लावायची नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची, आणि श्वास सोडून मोजायचं. पोट आत ओढून मोजणारे आपण फसवतो ते स्वतःलाच.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत 39.5 टक्के प्रौढांचं पोट या रेषेपलीकडे निघालं. मधुमेह 11.4 टक्क्यांना, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणखी 15.3 टक्के, रक्तदाब 35.5 टक्क्यांना.

आता खर्चाकडे. 2019 सालापुरता आठ देशांतला लठ्ठपणाचा खर्च मोजणारा एक अभ्यास आहे. त्यात भारताचा आकडा सगळ्यात लहान: माणशी 17 डॉलर, देशाच्या उत्पन्नाच्या 0.8 टक्के. ऑस्ट्रेलियात माणशी 940 डॉलर. वाचून वाटतं, मग काळजी कसली? सतरा डॉलर म्हणजे तेव्हाचे बाराशे रुपये. पण ही सरासरी आहे. यात पाळण्यातलं बाळ आहे, धार-झाबुआकडचा कुपोषित मजूर आहे आणि सुदामानगरातले साखर, रक्तदाब, गुडघे असं तिन्ही सांभाळणारे काकाही आहेत. खर्च सगळ्यांच्या नावावर वाटला जातो, भरतो मात्र तिसराच. शिवाय उपचार स्वस्त असणं किंवा उपचारच न मिळणं, यानंही हा आकडा लहान दिसतो. आकडा लहान म्हणजे ओझं हलकं असा अर्थ काढणं घाईचं होईल.

लठ्ठपणाचा म्हणून वेगळा खर्च वहीत कुठे दिसतच नाही, ही खरी अडचण. "लठ्ठपणा: 2,400 रुपये" असं बिल कोणी देत नाही. तो साखरेच्या गोळ्यांत असतो, रक्तदाबाच्या गोळ्यांत असतो, दर तीन महिन्यांच्या रक्ततपासणीत, डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीत, घोरण्यासाठी केलेल्या झोपेच्या चाचणीत असतो. नव्यानं शिवलेल्या मोठ्या मापाच्या कपड्यांतही असतो, पण तो सोडून देऊ.

समजा पंचेचाळिशीतल्या एका नोकरदाराला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. औषधं, तपासण्या, डॉक्टरची फी मिळून महिन्याला अडीच हजार धरले तर वर्षाचे 30,000. सत्तरीपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, हा खर्च दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढत गेला तर एकूण बेरीज सुमारे 22 लाख होते. असे आकडे विम्याच्या आणि वजन घटवण्याच्या जाहिरातींत मोठ्या टायपात छापतात. ते खोटे नसतात, पण घाबरवणारे असतात, कारण त्यातले बहुतेक रुपये पुढच्या काळातले, म्हणजे हलके झालेले रुपये असतात. तेच पैसे 8 टक्के व्याजानं ठेवता आले असते असं धरून आजच्या रुपयांत आणले, तर रक्कम साडेसात लाखांच्या आसपास येते. साडेसात लाखही काही चिल्लर नाहीत. पण निर्णय घ्यायचा तर या आकड्यावर घ्यावा, बावीसवर नाही.

यातली दुसरी गोम अशी की हा खर्च बहुतेक विमा भरतच नाही. आपले विमे दवाखान्यात भरती झाल्यावर जागे होतात. आयुष्मान भारतचे कुटुंबामागचे पाच लाखही भरतीसाठीच आहेत, रोजच्या गोळीसाठी नाहीत. लठ्ठपणातून येणारे आजार वीस-पंचवीस वर्षं बाहेरच्या बाहेर, औषधाच्या दुकानात पैसे मागतात आणि मग एकदम मोठं बिल काढतात. मोठ्या बिलावर सरकारनं थोडाफार लगाम घातला आहे. 2017 मध्ये हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या औषधी स्टेंटची (जाळीच्या नळीची) किंमत 29,600 रुपयांवर आणि गुडघ्याच्या नेहमीच्या कृत्रिम, कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची 54,720 रुपयांवर बांधली गेली. पुढे या किमती थोड्याफार बदलल्या. पण सांध्याची किंमत म्हणजे बिलातली एक ओळ. खोली, भूल, सर्जन, फिजिओथेरपी आणि घरातल्या एकाची महिनाभराची रजा या बाकीच्या ओळी. गुडघ्याबद्दल एक गणित लक्षात ठेवण्याजोगं आहे: वजन एक किलोनं घटलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी घटतो. पाच किलो उतरले तर दर पावलाला वीस.

आणि रजा? महिन्याचा पगार ठरलेला असतो त्याला ती फारशी जाणवत नाही. ज्याचं दुकान एकट्याच्या जिवावर चालतं, त्याला प्रत्येक बंद शटर लागतं. देशपातळीवरच्या हिशेबांत बुडालेलं काम आणि अकाली मृत्यू यांचा वाटा मोठा असतो. घरच्या वहीत ती ओळ कोरीच राहते, कारण न कमावलेला पैसा कोणी लिहून ठेवत नाही.

आता "तब्येत सांभाळणं महाग" या वाक्यातलं खरं अर्धं. एक रुपयात किती कॅलरी मिळतात ते बघा. साखर 45 रुपये किलो धरली तर रुपयाला जवळपास 90 कॅलरी. सोयाबीन तेल 140 रुपये किलो धरलं तर 64. मुगाची डाळ 120 नं घेतली तर 28. टोमॅटो 40 नं घेतले तर पाच. म्हणजे पोट भरायचं ठरवलं तर साखर आणि तेल यांच्याइतकं स्वस्त काही नाही. त्यात आपण माळव्यात राहतो. सोयाबीनची शेतं भोवताली, सोयाबीन संशोधन संस्था इंदुरात, तेल गाळणाऱ्यांची देशव्यापी संघटनाही इंदुरात. मग कढई थंड कशी राहील? गरीब माणूस लठ्ठ होतो तेव्हा लोक त्याच्या जिभेला दोष देतात. माझ्या मते दोष बराचसा या भावफलकाचा आहे.

पण याच भावफलकात बचतही लपलेली आहे, आणि ती कोणी सांगत नाही. नीती आयोगाच्या 2024 च्या अहवालानुसार भारतीय माणूस वर्षाला सरासरी 19.7 किलो खाद्यतेल खातो. आयसीएमआरची शिफारस 12 किलोंची आहे. चौघांच्या घरात हा फरक जवळपास 31 किलोंचा होतो. 140 च्या भावानं 4,300 रुपये. म्हणजे तेल शिफारशीवर आणलं की वर्षाला चार हजारांवर रुपये हातात उरतात, आणि डाळ, अंडी, भाजीचा वाढीव खर्च त्यातून बराच भागतो. सकस जेवण म्हणजे ॲव्हाकाडो आणि क्विनोआ असं ज्यांनी ठरवून टाकलंय, त्यांच्यासाठी हे फार साधं आहे, याला इलाज नाही. ज्वारी, मक्याची भाकरी, मोडाची मूग-मटकी, ताक, मेथी, पालक. आपल्याच स्वयंपाकघरातली यादी आहे.

पोह्यांची बाजूही घ्यायला हवी. इंदुरी पोहे वाफेवर धरलेले असतात, त्यात तेल फार नसतं. वजन वाढवते ती वरची शेवेची मूठ आणि बाजूची जिलबी. नेहरू पार्कात किंवा मेघदूत उपवनात फिरून आलेली मंडळी गाडीपाशी उभी राहतात तेव्हा हा हिशेब फिसकटतो. अर्धा तास भरभर चालून साधारण सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात. पन्नास ग्रॅमच्या जिलबीत तेवढ्या सहज असतात. म्हणून नुसत्या चालण्यानं वजन उतरत नाही अशी तक्रार करणारे चूक नसतात. तरी चालायचं, कारण चालण्याचा फायदा वजनकाट्यावर दिसायच्या आधी रक्तात दिसतो. सराफ्याबद्दल एवढंच: सोन्याची दुकानं बंद झाल्यावर रात्री जो खाण्याचा बाजार सुरू होतो, तिथे पाहुण्यांना न्यावं. घरचं रात्रीचं जेवण म्हणून जाऊ नये.

"रक्तात दिसतो" हे मी हवेत म्हणत नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 भारतीयांचा तीन वर्षं पाठपुरावा केला. 2006 मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या 55 टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून रोज अर्धा तास चालणं, साखर-मैदा-तेल कमी करणं हे नेटानं करून घेतलं, त्यांच्यातल्या 39.3 टक्क्यांना झाला. म्हणजे साधारण साडेसहा माणसांनी हे केलं की त्यातल्या एकाचा मधुमेह तीन वर्षांपुरता तरी टळतो. गंमत म्हणजे या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं. एकेक मधुमेह टाळायला किती खर्च आला तेही त्यांनी पुढच्या वर्षी मोजून छापलं: तेव्हाचे सुमारे 47,000 रुपये. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी देऊन टाळायला 49,000. म्हणजे समुपदेशन, फोन, तपासणीच्या फेऱ्या हा सगळा खर्च धरूनही चालणं गोळीपेक्षा किंचित स्वस्तच पडलं.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. चालून, तेल कमी करूनही 100 पैकी 39 जणांना मधुमेह झालाच. तेव्हा ज्याला झाला त्यानं पाप केलं असं समजायचं कारण नाही. आनुवंशिकता, झोप, कामाच्या पाळ्या, घरची भांडणं, सगळ्यांचा त्यात हात असतो. अमेरिकेतल्या अशाच, 2002 च्या अभ्यासात धोका 58 टक्क्यांनी घटला होता. पण तिथली माणसं बरीच जाड होती आणि त्यांना आठवड्याला 150 मिनिटांचा व्यायाम करून सात टक्के वजन उतरवायचं होतं. आपण आपला आकडा धरावा.

यावरून पैसा नेमका कधी गुंतवायचा तेही कळतं. सगळ्यात जास्त परतावा उंबरठ्यावर मिळतो, घरात शिरल्यावर नाही. एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) 5.7 ते 6.4 च्या मध्ये आला की प्रयोगशाळेच्या कागदावर ठळक काही छापत नाहीत, डॉक्टर "जरा सांभाळा" म्हणतात आणि आपण सुटलो म्हणून कचोरी खायला जातो. खरं तर त्या दिवसापासूनच चालायला लागावं. चाचणी काही शे रुपयांची. जुन्या करप्रणालीत विवरण भरत असाल तर आरोग्य विम्याच्या वजावटीच्या मर्यादेतच वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत अशी प्रतिबंधात्मक तपासणी दाखवता येते. इंदुरातल्या निम्म्या पगारदारांना हे ठाऊक नसावं असा माझा अंदाज आहे.

एक गैरसोयीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तब्येतीच्या लेखांत ती सहसा गाळतात. 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी विसाव्या वर्षापासून मरेपर्यंतचा दवाखान्याचा खर्च मांडला. लठ्ठ माणसाचा निघाला अडीच लाख युरो, धूम्रपान करणाऱ्याचा दोन लाख वीस हजार, आणि निरोगी माणसाचा सगळ्यात जास्त, दोन लाख ऐंशी हजारांच्या वर. कारण निरोगी माणूस जास्त जगतो आणि म्हातारपणी त्याला बाकीचे आजार गाठतात. तेव्हा "तब्येत सांभाळा, सरकारचा पैसा वाचेल" हा युक्तिवाद डळमळीत आहे. पण घरच्या वहीसाठी प्रश्न वेगळा आहे. खर्च पंचेचाळिशीत सुरू होतो की सत्तरीत? मुलांच्या फिया आणि घराचा हप्ता चालू असताना, की सगळं फिटल्यावर? आणि त्या मधल्या पंचवीस वर्षांत तुम्ही कमावत होता की नाही? डच हिशेबात हे शेवटचं धरलेलंच नाही, तो नुसता दवाखान्याचा हिशेब आहे.

आता जिम. मोहल्ल्यातल्या जिमची महिन्याची फी हजार-दीड हजार असते आणि वर्षाची एकरकमी भरली तर स्वस्त पडते. जिमवाल्यांचं गणितच असं बसवलेलं असतं की जानेवारीत भरणाऱ्यांपैकी बरेच मार्चनंतर येणार नाहीत. म्हणून वर्षाचे पैसे भरू नयेत, महिन्याचे भरावेत, महाग पडले तरी. चाळिशीनंतर स्नायू झिजतात, त्यासाठी वजन उचलणं मोलाचं आहे, पण ते पाण्याच्या बाटल्यांनी आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्यानंही सुरू होतं. चांगले बूट मात्र घ्यावेत. त्यात कंजुषी करून टाच धरली की चालणंच थांबतं.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा विषय सध्या प्रत्येक लग्नात निघतो. मार्च 2025 मध्ये मौंजारो भारतात आलं तेव्हा सुरुवातीच्या मात्रेची कुपी 3,500 रुपयांना आणि त्यावरच्या मात्रेची 4,375 रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला 14,000 ते 17,500. असंच दुसरं औषध सेमाग्लुटाइड, त्याच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतची होती. पेटंट सुटलं की देशी कंपन्या उतरतात आणि भाव कोसळतात. ही औषधं काम करतात यात शंका नाही. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण त्याच चाचणीतल्या काही लोकांचं औषध बंद करून वर्षभरानं पाहिलं, तर उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं होतं. म्हणून दर विचारताना "महिन्याला किती?" एवढंच विचारून भागत नाही, "किती वर्षं?" हेही विचारावं लागतं. ज्याचा बीएमआय खूप आहे, गुडघे गेलेत, साखर आवरत नाही, त्याच्यासाठी हा खर्च योग्य असू शकतो, आणि त्याला "इच्छाशक्ती नाही" म्हणून हिणवणाऱ्यांनी आपली टेप काढून बघावी. घरच्या लग्नात शेरवानी बसावी म्हणून तीन महिने घेणाऱ्याचा पैसा मात्र पाण्यात.

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचं म्हणाल तर विम्याच्या छापील अटींत लठ्ठपणाचा उपचार सरसकट वगळलेला असतो. अपवाद असा की बीएमआय 40 किंवा त्यावर असेल, किंवा 35 किंवा त्यावर असून हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार जोडीला असेल, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली असेल, तर दावा मान्य होऊ शकतो. मधल्या वजनाच्या माणसाला पैसे स्वतःच्याच खिशातून भरावे लागतात.

विमा घ्यायचाच असेल तर वजन वाढायच्या, साखर लागायच्या आधी घ्यावा. व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय, आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबण्याची मुदत 2024 च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. अर्जात उंची, वजन, साखर, रक्तदाब विचारतात. एजंट "लिहू नका हो, हप्ता वाढेल" म्हणाला तरी खरं तेच लिहायचं, आणि पथ्य-व्यायामानं गोळी बंद झाली असली तरी पूर्वी मधुमेह होता हे लिहायचं. जुनी प्रिस्क्रिप्शनं आणि रिपोर्ट फाईलला लावून ठेवायचे, कारण दाव्याच्या वेळी कंपनी तेच मागते.